चार सारखे वाटे

रिह्याच्या खोऱ्यात चौकोनी शेत सापडणं कठीण. डोंगर उतरतो तशी खाचरं उतरतात, एक वाकडं, एक निमुळतं, एकाचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं ते मालकालाच ठाऊक. पण कोंडाजीचा मळा चारी बाजूंनी सारखा होता, आणि तो तसा देवानं दिलेला नव्हता. मुळशीच्या धरणात गाव बुडालं तेव्हा कोंडाजी बायकोला आणि कडेवरच्या हैबतला घेऊन रिह्यात आला. लोकांकडे राबून त्यानं एक मुरमाड माळ विकत घेतला आणि उरलेलं आयुष्य तो सपाट करण्यात घालवलं. दगड निघाला की तो बांधावर जायचा आणि माती मिळाली की ती मधे पडायची. बांध सरळ यावा म्हणून तो दोरी लावायचा. शेताला दोरी लावणारा माणूस गावाला खुळा वाटणारच, तेव्हा गावानं हसून घेतलं. मग बरोबर मधोमध विहीर खणली, तिला उन्हाळ्यातही आटणार नाही असं पाणी लागलं, आणि गावाचं हसणं बंद झालं.

त्याला तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरला हैबतराव, त्याच्या पाठची रत्नाबाई, मग भिवाजी आणि शेवटचा नथू. रत्नाबाईला भुकूमला दिली होती. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली. त्या दुसरीचं बाळंतपणातलं न्हाणं हिनंच काढायची वेळ आली त्या दिवशी रत्नाबाई दोन लुगड्यांचं गाठोडं घेऊन पायी माहेरी आली. कोंडाजीनं तिला "जेवलीस का?" एवढंच विचारलं. पुन्हा त्या घरात तो विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती मळ्यावर. कोंडाजी मोट हाणायचा आणि ती दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की खोऱ्यानं पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवायची. भिवाजी आणि नथू त्या वर्षांत तालमीत अंग कमवत होते आणि हैबतराव गावकीत पुढारपण. त्या मळ्यातला भात आणि कांदा कुणाच्या घामावर पिकला हे सगळ्या रिह्याला माहीत होतं. माहीत असणं आणि बोलून दाखवणं, यात आमची गावं फार अंतर ठेवतात.

कोंडाजी गेला आणि त्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत घरात तीन चुली झाल्या. आता मळा वाटायचा. भावांनी आधी आडव्या तीन पट्ट्या पाडून पाहिल्या. विहीर मधल्या पट्टीत गेली. मग उभ्या तीन पट्ट्या पाडल्या, तरी विहीर मधल्याच पट्टीत. मधोमध असलेली विहीर दुसरीकडे कुठं जाणार, पण हे कळायला त्या तिघांना दोन सुग्या लागल्या. मधली पट्टी प्रत्येकाला हवी होती आणि दुसऱ्याला द्यायची कुणाचीच तयारी नव्हती. एकदा तर ऐन नांगरटीत भिवाजीनं नथूच्या पाठीत नांगराचं रुमणं घातलं आणि त्या वर्षी निम्मा मळा पडीक राहिला.

शेवटी गेणबा मधे पडला. गेणबा हा गावचा जुना पंच, तंबाखूच्या चंचीशिवाय ज्याला कुणी पाहिला नाही असा. तो हैबतरावाला म्हणाला, "तुमी तिघं जल्मात वाटे पाडणार न्हाई. त्या रत्नाला सांगा. बाच्या संगं दोरी धरलीया तिनं. तिचा हात सरळ हाय."

हैबतराव त्याच संध्याकाळी चुलीपाशी आला. बहीण भाकरी थापत होती. तो उंबऱ्यावरूनच बोलला.

"रत्ने, मळ्याचे चार वाटे पाड. पर सारखे पडले पायजेत. कुणाला बोट दावाया जागा ऱ्हायला नगं."

"चार?" तिनं विचारलं.

"व्हय, चार."

तो गेला आणि तव्यावरची भाकरी करपली. भाऊ तीन आणि वाटे चार. रत्नाबाईनं ते बोटांवर मोजलं नाही, पण मनात शंभरदा मोजलं. ग्रामसेवकानं चावडीपुढं वाचून दाखवलं होतं की बापानं स्वतः कमावलेल्या जमिनीत आता मुलीचाही हक्क लागतो. ते ऐकून बापई हसले होते आणि बायकांनी पदर तोंडाला लावले होते. हैबतदादा हसला नव्हता, हे तिनं तेव्हाच मनात धरून ठेवलं होतं. दादानं न बोलता बहिणीला मोजली, असं तिला वाटलं. इतकी वर्षं ज्या घरात ती पाहुणीसारखी खात होती आणि गड्यासारखी राबत होती, त्या घरानं आपल्याला माणसात धरलं, या सुखानं तिला रडू आलं. रडत रडतच तिनं दुसरी भाकरी थापली.

आणखी एक गोष्ट होती, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. लहानपणी पावसाळ्यात मोठी काकडी निघाली की कोंडाजी विळी रत्नीच्या हातात द्यायचा. घरचा नियम असा, की कापणारानं शेवटी उचलायचं. धाकटा आधी उचलणार, मग वरचे, आणि कापणाराला उरेल ते. त्यामुळे रत्नी काकडी अशी कापायची की उरलेला तुकडाही पहिल्याइतकाच निघावा. आता बापाच्या मळ्याचे चार वाटे पाडायला तिला सांगितलं, तेव्हा तिनं तोच नियम धरला. वाटे मी पाडणार, म्हणजे मला शेवटचा मिळणार. तर मग असे पाडते की शेवटचा आणि पहिला यांत फरकच राहू नये. नियम बरोबर की नाही हे तिनं कुणाला विचारलं नाही. आपल्या घरचा नियम कोण विचारायला जातं?

चार दिवस ती मळ्यात फिरत होती. चौकोनाच्या मधे विहीर. चार बाजूंच्या मध्यावरून विहिरीपर्यंत चार रेघा ओढल्या की चार सारखे चौकोन, प्रत्येकाचा एक कोपरा विहिरीला टेकलेला. सोपं होतं. अडचण होती ती धावेची. मोटेचे बैल ज्या उतारावरून खाली-वर जातात ती धाव विहिरीपासून उत्तरेकडे गेलेली, बैलजोडी चालेल इतकी रुंद. रेघ धावेच्या मधून गेली तर वरच्या दोन वाट्यांची जमीन धावेखाली जाणार आणि खालचे दोन वाटे भरघोस राहणार. शिवाय गाडीवाट पश्चिमेच्या बांधाला. पूर्वेकडच्यानं कणसं डोक्यावरून न्यायची काय? रत्नाबाई बांधावर बसायची, काडीनं मातीत चौकोन काढायची, पुसायची आणि पुन्हा काढायची.

पाचव्या दिवशी तिनं भावांना ओसरीवर बोलावलं. गेणबाही आला. आई, तुळजाबाई, भिंतीला टेकून बसली होती. रत्नाबाईनं पूजेचा चौरंग आणून मधे मांडला.

"त्यो द्येवाचा हाय," आई म्हणाली.

"द्येव काय वाटा मागत न्हाई, आये," रत्नाबाई म्हणाली आणि गेणबाच्या चंचीतला चुना बोटावर घेऊन तिनं चौरंगाच्या मधोमध विहीर काढली. "ह्यो आपला मळा. चारी अंगानं सारखा. ही हीर. आन् ही धाव." तिनं विहिरीपासून एका बाजूला पट्टा ओढला. "दादा, डोळे मीट."

"आता ह्ये काय?"

"मीट की."

हैबतरावानं गावच्या पुढाऱ्याला न शोभणाऱ्या या खेळात कुरकुरत डोळे मिटले. तिनं चौरंग पाव फेरा फिरवला.

"उघड. म्या फिरवला का न्हाई?"

"फिरवला. धाव हिकडं व्हती, तिकडं ग्येली."

"मंजी वाटे सारखे न्हाईत," रत्नाबाई म्हणाली. "फिरवल्यावर कळतंय त्यात कुणाचं तरी कमी, कुणाचं तरी जास्त. आता बघ." तिनं पुन्हा चुना घेतला आणि उरलेल्या तीन बाजूंनाही तसाच, तेवढाच रुंद पट्टा ओढला. चौरंगावर विहिरीतून निघालेली चार हातांची फुली झाली, आणि चार कोपऱ्यांत चार चौकोन. "धाव एकाच अंगाला हाय, ती तर हलवता येत न्हाई. मग तिच्यावानी जागा तिन्ही अंगाला सोडायची. एक धावंची, तीन गाडीवाटंच्या आन् पाण्याच्या. मीट डोळे."

त्यानं मिटले. तिनं पाव फेरा दिला. त्यानं उघडून बघितलं, मान तिरकी केली, उभा राहून पाहिलं. कळेना. भिवाजीनं मिटले, तिनं अर्धा फेरा दिला, त्यालाही कळेना. नथूच्या वेळी तिनं चौरंगाला हातच लावला नाही, तर तो छाती ठोकून म्हणाला, "आता मातूर फिरवलास, अक्का." सगळे हसले. दोन वर्षांत त्या ओसरीवर तिघे भाऊ एकत्र हसले नव्हते.

"पर तीन अंगाची जमीन फुकट ग्येली की," भिवाजी म्हणाला.

"चौघांचीबी सारखीच ग्येली," रत्नाबाई म्हणाली. "सारखी ग्येली तर भांडायचं कुणी?"

चौघांची, असं ती स्पष्ट बोलली होती. कुणी तिला टोकलं नाही. कुणाच्या कानाला ते खटकलंही नाही, कारण ऐकणाऱ्यांच्या हिशोबातही चारच होते.

दुसऱ्या दिवशी मळ्यात दोरी लागली. सुतळी रत्नाबाईच्या हातात, खुंट्या नथूच्या. चार चौकोन आखले, खुणेचे दगड रोवले, आणि गेणबानं विहिरीवर नारळ फोडला. मग उचल झाली. रिवाजाप्रमाणे नथू आधी. तो नैऋत्येच्या चौकोनात जाऊन उभा राहिला. भिवाजी त्याच्या समोर आग्नेयेला. हैबतरावानं धावेच्या डावीकडचा घेतला. उजवीकडचा उरला. रत्नाबाईनं पदर खोचला, वहाणा काढून बांधावर ठेवल्या आणि त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. पायाखालची माती तिच्या ओळखीचीच होती, पण त्या दिवशी ती तिला वेगळी लागली.

"ह्यो माजा," ती म्हणाली.

कुणी बोललं नाही. हैबतरावानं गेणबाकडे बघितलं. गेणबानं चंची काढली.

"तुजा कसा?" हैबतराव म्हणाला. "ह्यो आईचा. पोटगीचा."

"मग माजा कंचा?"

"तुजा कशाला आसंल? वाटे तू पाडलंस ना?"

"म्हून तर उरलेला माजा. कापणारानं मागनं घ्यायचं. बा काय सांगायचा?"

"ती काकडी, रत्ने," हैबतराव म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच नवल होतं. लबाडी असती तर परवडली असती. "डुकराची शिकार झाल्यावर वाटे कोन पाडतं? जो शिकारीला गेला न्हाई त्यो. ज्याला वाटा घ्यायचा न्हाई त्यानंच पाडायचे, मंजी त्याच्या हाताला खोट ऱ्हात न्हाई. सगळ्या मावळाची रीत हाय. म्हून तर गेणबा म्हनला तुला सांगा."

रत्नाबाई शिकारीला कधी गेली नव्हती. बायका जात नाहीत. घरी मटण यायचं ते वाटून, पानात बांधून यायचं, आणि ते कुणी वाटलं हे विचारायचं कारण तिला पडलं नव्हतं. बापईमाणसांना एक रीत ठाऊक होती आणि तिला एक, दोन्ही खऱ्या होत्या, आणि नेमकी तिची खरी रीत घरातल्या विळीपुरती होती.

ती आईकडे वळली. तुळजाबाई विहिरीच्या काठावर बसली होती.

"आये, तुला ठावं व्हतं?"

"मला वाटलं तुला ठावं हाय," आई म्हणाली.

"मग आता सांग ह्यांना. ह्या मळ्यात म्या काय केलंय त्ये सांग."

तुळजाबाईनं मांडीवरचा पदर सारखा केला. मग ती जे बोलली ते वाईट हेतूनं बोलली नाही, म्हणूनच ते रत्नाबाईच्या काळजात जास्त खोल गेलं. ती म्हणाली, "तुज्या मागं कोन हाय, रत्ने? वाटा कुणासाठी घ्यायचा? माज्या हैबतच्या घरात तुजी भाकर कुटं जातीया?"

आईचा वाटा म्हणजे हैबतरावाचा वाटा, हे सांगायला पंचाची गरज नव्हती. आई त्याच्या घरी राहायची, तिचा चौकोन तोच कसणार होता. आखणी चारी अंगांनी सारखी होती आणि तिच्यातून थोरल्याला दोन वाटे मिळाले होते. कुणाचेही डोळे मिटून चौरंग फिरवला असता तरी हे दिसलं नसतं.

मग सहीचं निघालं. तलाठी म्हणाला, वारसात बहीण आहे, तिनं हक्क सोडल्याची सही लागेल. हैबतरावानं पौडच्या बाजारातून चांगलं इरकली लुगडं आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. अशा सहीला लुगडं देतात. गावातल्या किती बायका तशी लुगडी नेसून फिरत होत्या. रत्नाबाईनं त्याची घडी मोडली नाही.

"सई न्हाई करायची," ती म्हणाली. "कोर्टात जावा."

महिनाभर घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. वहिनी, सगुणाबाई, तिचं ताट उंबऱ्याशी सरकवायची. भिवाजी म्हणाला, अक्कानं घराला काळं फासलं. ज्या नथूला तिनं कडेवर वाढवला तो वाटेत दिसला की दुसऱ्या गल्लीनं जायचा. शेवटी गेणबानं पुन्हा बैठक बसवली. काहीतरी द्या तिला, म्हणाला, रिकाम्या हातानं ती अंगठा द्यायची नाही.

"काय द्यू?" हैबतराव चिडून म्हणाला. "तिनंच सोडलीया की ती फुली. कुणाच्याच वाट्यात न्हाई ती. ती घ्या म्हनावं."

तो थट्टेत बोलला होता, आणि भिवाजी हसलाही. पण रत्नाबाई लगेच म्हणाली, "लिवा. धाव आन् तिन्ही पट्ट्या माज्या नावावर लिवा. हीर सामाईक. मग सई करते."

लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. ज्यावर काही पिकत नाही आणि ज्यावरून सगळे जातात ती जमीन कोण मागतं? पण तिनं विचार केला होता. मोटेच्या बैलानं धावेवर पाय ठेवल्याशिवाय पाणी वर येत नाही, आणि गाडी पट्टीवरून गेल्याशिवाय कांदा बाजारात जात नाही. तिनं सही केली, दुसरी इयत्ता शिकल्याचा उपयोग म्हणून अंगठा दिला नाही, आणि लुगडं सगुणाबाईला देऊन टाकलं. पूर्वेच्या पट्टीच्या टोकाला खोपट बांधून ती तिथं राहायला गेली.

काही वर्षं बरी गेली, हे कबूल केलं पाहिजे. तिनं कधी कुणाचा बैल अडवला नाही. अडवू शकते, एवढंच पुरत होतं. हंगामाची पहिली मोट धरायची झाली की नथू येऊन विचारायचा, "अक्का, जुपू का?" आणि ती म्हणायची, "जूप." तीन पट्ट्यांवर गुडघाभर गवत व्हायचं. त्या गवतावर तिची एक म्हैस जगायची आणि म्हशीच्या दुधावर ती. पाण्यावरून त्या मळ्यात एकदाही भांडण झालं नाही, आणि पंचक्रोशीतले लोक येऊन आखणी बघून जायचे. बघणारे हैबतरावाचं कौतुक करायचे, तो ते हसून घ्यायचा.

मग इंजिन आलं. पुण्याहून बैलगाडीतून तेलाचं इंजिन आलं आणि हैबतरावानं ते आईच्या चौकोनात, विहिरीला टेकलेल्या कोपऱ्यावर बसवलं. चारही वाट्यांचा कोपरा विहिरीला लागावा म्हणून रत्नाबाईनं स्वतः दोरी ताणली होती. आता त्याच कोपऱ्यावरून नळी विहिरीत सोडली, आणि पाणी वर यायला धावेची गरज उरली नाही. मोट खोलीत टांगली गेली. भिवाजी आणि नथूनंही त्याच इंजिनाला नळ्या जोडल्या. पुढच्या हंगामात "जुपू का?" विचारायला कोणी आलं नाही. रत्नाबाई सकाळभर खोपटाच्या दारात बसली होती. इंजिनाचा आवाज सुरू झाला तेव्हा ती उठून म्हशीचं शेण काढायला लागली.

त्यानंतर बांध कोरणं सुरू झालं. आमच्या भागातला हा जुना धंदा. नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, शेजाऱ्याच्या हद्दीत घालायचं, दर साली एकच, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. आधी गवताची कड गेली. मग खुणेचे दगड आपोआप आत सरकायला लागले. रत्नाबाईनं भिवाजीला विचारलं, तर तो म्हणाला, "म्या एकल्यानंच काय केलंय? त्या नथूला इचार." नथू म्हणाला, "दादाचं बघ की आदी." हैबतराव म्हणाला, "नांगर सरकतुया थोडा. बैलाला काय कळतं?"

ती गेणबाकडे गेली. गेणबाला आता दिसत नव्हतं. "एका तासाचं काय घिऊन बसलीस, रत्ने?" तो म्हणाला. "भाऊच हायेत तुजे."

मग एका पावसाळ्याआधी तिनं बापाची जुनी दोरी काढली आणि चारही पट्ट्या दोन्ही अंगांनी मापल्या. तिला एक चोर पकडायचा होता. कुणी जास्त खाल्लं असेल, कुणी कमी, एकाचं नाव घेऊन तिला गावापुढं ओरडता आलं असतं. पण उत्तरेला जेवढी गेली होती तेवढीच दक्षिणेला, पूर्वेला तेवढीच, पश्चिमेला तेवढीच. आईच्या चौकोनाकडूनही तेवढीच. फुली चारी हातांनी सारखी बारीक झाली होती. कुठूनही फिरवून बघितलं तरी आकार तोच, फक्त चौकोन मोठे आणि फुली रोड. ज्या भावांना दोन वर्षांत एक रेघ नीट ओढता आली नाही, त्यांनी बहिणीचं मात्र बिनचूक समान वाटून घेतलं होतं. रत्नाबाईला इतका संताप आला की दोरी तिनं विहिरीत फेकून दिली.

गवत संपलं तशी म्हैस गेली. खोपट तेवढं राहिलं, कारण त्याच्याखाली काही पिकलं नसतं. रत्नाबाई रोजानं जायला लागली, आधी लांब लवळ्याकडे, मग गुडघे धरले तसं जवळच, म्हणजे भावांच्याच मळ्यात कांदा लावायला आणि काढायला. इतर बायांना मिळायचं तेवढंच तिला मिळायचं. त्यातही भावांनी डावंउजवं केलं नाही.

त्या माघात कांदा चांगला आला होता. तुळजाबाई फार म्हातारी झाली होती, पण राखणीला म्हणून हैबतराव तिला सकाळी चौकोनाच्या कडेला आणून बसवायचा. रत्नाबाई खोपटातून निघून विहिरीकडे येत होती, कमरेवर घागर घेऊन, त्याच पट्टीवरून जी कागदावर अजून तिच्या नावावर होती. दोन्हीकडून कांद्याच्या पाती आत आल्या होत्या. मधे एका पावलापुरती पायवाट होती, आणि तीही सलग नव्हती.

"रत्ने," आई मायेनं म्हणाली, "जपून चाल गं. कांद्यात पाय पडतुया."

रत्नाबाई थांबली. तिनं पाय उचलला आणि खाली बघितलं. डावीकडे भिवाजीचा कांदा होता, उजवीकडे आईचा, आणि पाय ठेवायला जागा दिसेना म्हणून रिकामी घागर सांभाळत ती एका पायावर तशीच उभी राहिली.